लाकडी स्टिअरिंग घडवणं आणि जुन्या गाडीला बसवणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या फोंड्यात आमच्या घरामागे पत्र्याची एक शेड आहे. तिथे मी आणि आमचे मेस्त (सुतार) मिळून आजवर सात लाकडी स्टिअरिंग घडवली. चार पद्मिनीसाठी, दोन अ‍ॅम्बेसेडरसाठी, एक हेराल्डसाठी. गाडी बघायला आलेला माणूस आधी त्या चाकावरून हात फिरवतो आणि मग प्रश्न विचारतो. तेच प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत.

कंपनीने दिलेलं स्टिअरिंग होतंच की. मग लाकडाचं कशाला?

कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी लाकडी स्टिअरिंग घेऊन बाहेर पडत नव्हती, हे खरं. पण पद्मिनी म्हणजे मुळात तुरीनची फियाट ११००, आणि त्याच तुरीनमध्ये एन्रिको नार्दी यांनी पन्नासच्या दशकात अ‍ॅल्युमिनिअमचे आरे आणि लाकडी कड असलेली स्टिअरिंग लोकप्रिय केली. त्या काळातल्या कितीतरी फियाटवाल्यांनी हौसेने तशी स्टिअरिंग बसवून घेतली. म्हणजे या गाडीला लाकूड परकं नाही.

दुसरं कारण हाताचं. मे महिन्यात मडगावच्या बाजारात दोन तास उन्हात उभी राहिलेली गाडी उघडा. जुनं काळं प्लास्टिक चटका देतं आणि घामाने चिकट होतं. लाकूडही तापतं, पण ते उष्णता सावकाश सोडतं, त्यामुळे चाक लगेच हातात धरवतं. आणि चाळीस-पन्नास वर्षांच्या मूळ स्टिअरिंगला आऱ्यापाशी तडे गेलेले असतातच.

कुठलं लाकूड घ्यावं?

गोव्यात हा प्रश्न विचारला की पहिलं उत्तर येतं शिसव. जुन्या घरांतल्या खुर्च्या, पलंग, कपाटं, चर्चमधली बाकं बघितलेल्या माणसाच्या डोळ्यांत तो काळसर जांभळा रंग बसलेला असतो. शिसव जड आहे, कडक आहे, धार लवकर बोथट करतं, पण कड गुळगुळीत होते आणि उठाव देखणा येतो. उत्तरेकडचा शिसम आणि आपलं शिसव ही दोन वेगळी झाडं. लाकूड घेताना हे विचारून घ्या.

सागवान हाताळायला सोपं आणि ओल्या हवेत सगळ्यांत कमी हलतं. पहिल्यांदा करणाऱ्याने सागवानच घ्यावं असं माझं मत आहे. मात्र शिसव आणि साग दोन्ही तेलकट आहेत. चिकटवण्याआधी सांध्याची बाजू अ‍ॅसिटोनने पुसून, तेल पुन्हा वर यायच्या आत गोंद लावला नाही, तर सांधा वरवर धरतो आणि पुढे सुटतो.

फणसाकडे लोक बघत नाहीत याचं मला वाईट वाटतं. देवघरं, पालख्या, मखरं याच लाकडाची होतात. नवं असताना हळदीसारखं पिवळं, आणि वर्षागणिक मधासारखं तपकिरी होत जातं. हेराल्डचं स्टिअरिंग आम्ही फणसाचं केलं आणि सातांपैकी तेच मला सर्वांत आवडतं. आंबा नको, त्याला कीड पटकन लागते. मटी आणि किंदळ ही आपली रानातली दणकट लाकडं, पण ती पिळवटतात. चौकटीला चालतील, या नाजूक कडीला नकोत.

लाकडाची उत्तम खाण म्हणजे मोडलेलं जुनं घर. दाराची फळी, पलंगाचा खूर, माडीचा कठडा यांना सुकायला पन्नास-साठ वर्षं मिळालेली असतात. रंधा लावण्याआधी त्यावरून लोहचुंबक फिरवा. आत मोडलेला खिळा हमखास सापडतो आणि तो रंध्याचं पातं खातो.

आमच्या परसातलं झाड तोडून त्याचंच करू का?

स्वतःच्या जागेतलं झाड तोडायलाही गोव्यात १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वन खात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. शिवाय ओलं लाकूड सुकेपर्यंत दोन वर्षं जातील. एका स्टिअरिंगला लाकूड लागतं पावणेतीन मीटरची एक पट्टी. त्यासाठी झाड कशाला तोडायचं?

लाकूड किती सुकलेलं हवं? मेस्त म्हणतात, हाताला कळतं.

मेस्तांच्या हाताला खरंच कळतं, पण मी मीटर लावतो. ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं, त्यावर १२ टक्क्यांच्या आसपास आकडा हवा.

आमचं पहिलं स्टिअरिंग जुलैत चिकटवलं. पाऊस कोसळत होता, काम थांबलेलं होतं, हात रिकामे होते, म्हणून. सांधे असे बसले की नख अडकत नव्हतं. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली, आणि फेब्रुवारीत एका सकाळी आठांपैकी तीन सांध्यांत पोस्टकार्ड जाईल एवढी फट दिसली. पावसात लाकडाने पाणी पिऊन अंग फुगवलेलं होतं. ते सुकताना आक्रसलं, आणि आतला धातू मात्र जागचा हलला नाही. दोष संपूर्ण माझा होता, कारण मेस्त थांबायला सांगत होते.

तेव्हापासूनचा आमचा नियम असा. पट्ट्या कापून दसऱ्यानंतर शेडमध्ये मोकळ्या हवेत रचून ठेवायच्या, मध्ये काड्या घालून. जानेवारी ते मार्च या काळात चिकटवायचं. पॉलिशही मिरगाच्या आत संपवायचं. मग पहिला पावसाळा येतो तेव्हा लाकूड सर्व बाजूंनी बंद झालेलं असतं.

आत धातू हवाच का? नुसत्या लाकडाचं का नको?

हवाच. यावर तडजोड नाही.

बैलगाडीचं चाक आठवा. त्याची कडही लाकडाच्या तुकड्यांचीच, पण बाहेरून लोखंडी धाव तापवून चढवलेली असते आणि ती थंड होताना सगळं आवळून धरते. स्टिअरिंगला बाहेरून धाव चढवता येत नाही, म्हणून ती आत घालायची. मधली थाळी, आरे आणि आतलं कडं मिळून धातूचा एकच तुकडा हवा, आणि तो बोल्टने तुंब्याला, म्हणजे शाफ्टवर बसणाऱ्या मधल्या भागाला, जोडायचा. हाताचा जोर लाकडातून त्या कड्यावर, कड्यातून आऱ्यांवर आणि तिथून तुंब्यात जातो. लाकूड तडकलं तरी हातात चाक उरतं.

आम्ही ४ मिमी जाडीचा ६०६१ प्रतीचा अ‍ॅल्युमिनिअम पत्रा घेतो आणि आराखडा देऊन लेझरवर कापून घेतो. कुंडई किंवा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत असं काम होतं. ओतीव अ‍ॅल्युमिनिअम घेऊ नका. पत्रा वाकतो, ओतीव एकदम तुटतं. आरे जिथे कड्याला मिळतात तिथला कोपरा काटकोनी ठेवू नका, निदान १० मिमीची गोलाई द्या. तडा कोपऱ्यातूनच सुरू होतो.

लाकडी कडी घडवायची कशी? गोल वाकवतात का?

वाकवतातही. दीड-दोन मिमीच्या पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून साच्याभोवती गुंडाळायच्या. ती पद्धत मजबूत, पण साचा, डझनावारी शिकंजे आणि सरावलेला हात लागतो. आम्ही तुकड्यांची पद्धत वापरतो.

१५ इंची, म्हणजे ३८१ मिमी व्यासाच्या स्टिअरिंगला दोन लाकडी कडी लागतात, एक वरची आणि एक खालची. त्यांच्यामध्ये धातूचं कडं सँडविचसारखं बसतं. प्रत्येक कडीचे आठ तुकडे. तुकडा ५० मिमी रुंद, १४ मिमी जाड, लांब बाजू साधारण १६२ मिमी, आणि दोन्ही टोकांना साडेबावीस अंशांचा तिरका काप. रेषा नेहमी तुकड्याच्या लांबीकडे धावल्या पाहिजेत. आडव्या रेषेचा एक तुकडा जरी घातला तरी कडी तिथेच मोडेल.

कापाचं गणित निर्दय आहे. एका कडीत सोळा काप, आणि प्रत्येकात पाव अंश चूक झाली तर शेवटी चार अंशांची फट उरते. यावर एक जुनी युक्ती आहे. आठही तुकडे एकदम चिकटवायचे नाहीत. चार-चार तुकड्यांची दोन अर्धवर्तुळं करायची आणि सुकू द्यायची. मग काचेवर पॉलिश पेपर चिकटवून त्यावर अर्धवर्तुळाची दोन्ही टोकं एकाच वेळी घासायची. टोकं एका सरळ रेषेत आली की दोन अर्धी मिटतात आणि सगळी चूक त्या घासण्यात निघून जाते.

दोन्ही कड्यांत आतल्या बाजूने २ मिमी खोल चर राउटरने पाडायची, म्हणजे ४ मिमीचं धातूचं कडं त्यात बुडेल. बसवताना वरच्या कडीचे सांधे खालच्या कडीच्या सांध्यांवर येऊ देऊ नका. एक कडी अर्धा तुकडा फिरवून घ्या. वीट बांधणारा गवंडी हेच करतो.

मग गोंद, शिकंजे, आणि एक पूर्ण दिवस हात न लावणं. त्यानंतर साधारण ४५ मिमीवर एक असे चोवीस रिव्हेट आरपार. पितळ किंवा तांबं शोभून दिसतं हे मला मान्य आहे, पण आमच्या खाऱ्या हवेत तांबं अ‍ॅल्युमिनिअमला खातं. वास्को, कळंगुट, कोलवा अशा किनाऱ्यालगत गाडी राहणार असेल तर अ‍ॅल्युमिनिअमचेच रिव्हेट घ्या.

यापुढचं काम मात्र मला सगळ्यांत प्रिय. राउटरने कडा गोल करायच्या आणि मग यंत्र बंद. कानस, पटाशी आणि डोळे मिटून हात. किती जाड ठेवायचं याचं माप तुमच्याच हातात आहे: कडी मुठीत धरल्यावर अंगठ्याचं टोक मधल्या बोटाला टेकलं पाहिजे. खालच्या बाजूला बोटांसाठी खाचा हव्या असतील तर कंपासने २६-२७ मिमीवर खुणा करा आणि गोल कानशीने त्या हळूहळू उतरवा. गाडी चालवणाऱ्याला शेडमध्ये बोलावून त्याच्याच मुठीवर खाचा बेतल्या तर उत्तम. एका काकींच्या अ‍ॅम्बेसेडरचं स्टिअरिंग आम्ही तसं केलं. त्यांचा पंजा लहान, म्हणून खाचा २३ मिमीवर. बाजारातल्या स्टिअरिंगमध्ये हे मिळत नाही.

गोंद कुठला?

दोन भागांचा इपॉक्सी. साधा पांढरा फेव्हिकॉल फर्निचरसाठी ठीक, पण बंद गाडीत उन्हात तो मऊ पडतो आणि सांधा हळूहळू सरकतो. इपॉक्सीही फार तापला की थोडा नरमतो, म्हणूनच रिव्हेट लागतात. शिकंजे जीव खाऊन आवळू नका, सगळा इपॉक्सी बाहेर येईल. शिसव आणि साग घासताना मास्क लावा. दोन्हींच्या भुशाने कातडीवर पुरळ येतं आणि छातीला त्रास होतो.

तुंबाही घरीच करता येईल?

नाही. लाकूड हाताने घडवा, पण दातेरी शाफ्टवर बसणारा तुंबा कारखान्यातूनच आलेला हवा. या एका भागावर सगळ्यांचा जीव असतो.

पहिला मार्ग, गाडीच्या मॉडेलसाठीचा तयार तुंबा, ज्याला बाजारात बॉस म्हणतात. मिळाला तर बाकी सोपं. बॉस आणि आऱ्यांचे बोल्ट जुळतात का ते आराखड्याआधीच बघा. नार्दी पद्धतीत सहा भोकं ७४ मिमीच्या वर्तुळावर असतात आणि मोमो पद्धतीत ७० मिमीच्या. चार मिमीचा फरक डोळ्यांना दिसत नाही आणि लेझरवर कापलेली थाळी वाया जाते.

दुसरा मार्ग, भंगारातल्या त्याच मॉडेलच्या स्टिअरिंगचा तुंबा. आरे कापून, लेथवर तोंड सपाट करून, त्याला सहा भोकांची फ्लँज (सपाट चकती) जोडायची. आम्ही हे काम बेळगावला उद्यमबागेत करून घेतो. वेल्डिंग झालं की तीन फवाऱ्यांची तडा-तपासणी करायला सांगा. लाल रंग मारतात, पुसतात, मग पांढरी पावडर फवारतात. तडा असेल तर लाल रेघ उमटते. वेल्डरला याचा राग येऊ नये. आला तर दुसरा वेल्डर बघा.

स्वतःच्या गाडीचं मूळ चालू स्टिअरिंग मात्र कापू नका.

आकार किती ठेवू? छोटं स्टिअरिंग जास्त छान दिसतं.

या गाड्यांना पॉवर स्टिअरिंग नाही. १६ इंचांवरून १४ वर आलात तर तेच चाक वळवायला सुमारे १४ टक्के जास्त जोर लागतो. धावत्या गाडीत जाणवत नाही, पण म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गाडी लावताना खांदे बोलू लागतात. मूळ मापापेक्षा एक इंचाहून अधिक कमी करू नका.

खोलीही बघा. हँड-गिअरच्या गाडीत दांडा आणि इंडिकेटरची काडी स्टिअरिंगच्या मागेच असतात. पुठ्ठ्याचं चाक कापून जागेवर धरा, सगळे गिअर टाकून बघा, बोटं कुठे घासतात ते कळेल. मीटरचा काटा वरच्या दोन आऱ्यांमधून दिसतो का, तेही तेव्हाच.

पॉलिश कुठलं?

मेस्त बहुतेक मेलामाइन सुचवतील. ते कडक असतं, पण ठिसूळ, आणि लाकूड हललं की त्यावर बारीक रेघा येतात. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचं पॉलिश दिसायला सर्वांत सुंदर, पण घामाने आणि हाताला लावायच्या सॅनिटायझरने ते उतरतं. अळशीचं तेल आपल्याकडे पावसाळ्यात बुरशीला जेवण घालतं. आम्ही दोन भागांचं पीयू (पॉलियुरेथेन) लावतो, उन्हाला टिकणारं, पाच-सहा पातळ हात. ८० नंबरपासून ३२० पर्यंत पेपर घासून पहिला हात, आणि पुढच्या प्रत्येक हातामध्ये ४०० चा हलका पेपर. पीयू मारताना चांगला मास्क आणि उघडी दारं.

बसवायचं कसं?

त्याआधी शेडमध्ये परीक्षा. तुंबा बाकावर घट्ट बांधून आम्ही कडीला दोन आऱ्यांच्या मधोमध ४० किलोची गोणी टांगतो आणि कान देतो. किरकिर ऐकू आली तर ते चाक गाडीत जात नाही.

मग गाडी सपाट जागी, पुढची चाकं नाकासमोर सरळ. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. हॉर्नचं बटण काढा. मधला नट सैल करा, पण पूर्ण काढू नका, दोन आटे राहू द्या. शाफ्टवर आणि जुन्या तुंब्यावर मिळून एक खूण करा. पुलर (चाक ओढून काढायचं हत्यार) लावून ओढा. नट राहिला नाही तर चाक अचानक सुटून थेट तोंडावर येतं. शाफ्टच्या टोकावर हातोडा मारू नका, त्याचा धक्का खाली स्टिअरिंग बॉक्सला बसतो.

शाफ्टचे दात तारेच्या ब्रशने साफ करून बघा. झिजलेले असतील तर काम तिथेच थांबवा. ठीक असतील तर नवा तुंबा खुणेवर बसवा. एक दात चुकला तर चाक वाकडं दिसतं. चाळीस दातांच्या शाफ्टवर एक दात म्हणजे ९ अंश. नट गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने, टॉर्क पाना लावूनच आवळा. सहा बोल्ट स्टेनलेसचे, थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा गोंद) लावून, समोरासमोरच्या जोडीने आवळायचे.

पुढचा भाग जॅकवर घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. काही घासतं का, इंडिकेटर आपोआप परत येतो का ते बघा. पहिली फेरी गल्लीत, मग फर्मागुडीचा चढ-उतार. चोर्ला घाटात लगेच जाऊ नका. १०० किलोमीटरनंतर नट आणि बोल्ट पुन्हा तपासा.

हॉर्न वाजत नाही.

बहुतेक जुन्या गाड्यांत हॉर्नचं बटण नुसतं अर्थिंग जोडतं. नव्या चाकात बटणापर्यंत एक वायर आणि तुंब्याखालच्या कड्यावर घासणारा स्प्रिंगचा कार्बन लागतो. कार्बन झिजला किंवा कड्यावर रंगाचे शिंतोडे बसले की हॉर्न मुका होतो. कडं बारीक पेपरने चकचकीत करा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

कायद्याला चालतं का?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चा रोख आरसी-बुकातला तपशील बदलेल अशा फेरफारांवर आहे. पन्नास वर्षांहून जुन्या, खासगी गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय झाली. तिथे चासी, बॉडी आणि इंजिन मूळ रूपात हवं अशी अट आहे. स्टिअरिंगचा नावानिशी उल्लेख नाही, पण तपासणी करणारा अधिकारी एकंदर गाडी बघतो. अर्ज करण्याआधी मूळ स्टिअरिंग परत चढवा. विम्याच्या कंपनीला बदल लेखी कळवा.

अपघात झाला तर?

पद्मिनी किंवा जुन्या अ‍ॅम्बेसेडरची मूळ रचना आजच्या गाडीसारखी छातीला सांभाळणारी नाही, आणि लाकूड तडकलं तर त्याच्या ढलप्या निघतात. लाकडी स्टिअरिंग मूळ स्टिअरिंगपेक्षा सुरक्षित आहे असं मी कुणालाच सांगणार नाही. गाडीला खांद्यावरून येणारे सीटबेल्ट बसवून घ्या आणि गाडी तिच्या वयाने चालवा. एअरबॅगच्या गाडीचं स्टिअरिंग तर मुळीच बदलू नका.

पोर्तुगालमधल्या भावाला शिसवाचं करून पाठवता येईल का?

शिसव ज्यात मोडतं ती अख्खी प्रजाती २०१७ पासून साइट्स कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे परदेशी पाठवताना कागदपत्रांचा प्रश्न येऊ शकतो. भावाला फणसाचं पाठवा. पिवळ्याचं तपकिरी होताना त्यालाही बघता येईल.

पावसाळ्यात काय काळजी घ्यावी?

गाडी महिनाभर झाकून ठेवू नका. ताडपत्रीखाली ओल कोंडते आणि आऱ्यांच्या मुळाशी बुरशी धरते. आठवड्यातून एकदा काचा खाली करून गाडी हलवा. चाक कोरड्या सुती कापडाने पुसा. पीयूला ओरखडा पडून लाकूड उघडं झालं असेल तर तिथे त्याच दिवशी एक थेंब लावा, कारण पाणी त्या टाचणीएवढ्या जागेतूनही आत जातं. चतुर्थीच्या सुमारास सगळे सांधे नखाने चाचपून बघा, आणि फेब्रुवारीत पुन्हा एकदा.

जुन्या स्टिअरिंगचं काय करू? भंगारवाला मागतोय.

देऊ नका. हॉर्नचं बटण, नट, वॉशर एका पिशवीत घालून त्यालाच बांधा, धोतराच्या जुन्या कापडात गुंडाळा आणि माडीवर ठेवा. गाडी तुमच्यानंतर ज्याच्याकडे जाईल त्याला ते लागेल.